चष्मा काढून पाहिलेले ठिपके

बायकोच्या तोलाची तपासणी झाली तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत होतो, त्यामुळे सगळा दोष दुसऱ्यावर ढकलायला मला जागा नाही. अंधारात तिचा तोल जायचा. चालताना दुकानांच्या पाट्या हलतात, असंही ती सांगायची.

स्वारगेटजवळच्या एका केंद्रात तंत्रज्ञाने तिचा चष्मा काढून डोळ्यांवर कॅमेऱ्याचा जाड गॉगल चढवला. पडद्यावर ठिपका डावी-उजवीकडे उड्या मारणार, तिने तो नजरेने पकडायचा. डोळा किती फिरला की किती मोजायचं, हे यंत्र यावरून ठरवतं. पुढचे सगळे आकडे याच मापाचे. बायकोचा नंबर उणे साडेसात.

"ठिपका नीट दिसत नाहीये हो," ती म्हणाली.

"अंदाजाने बघा मॅडम, बाहेर गर्दी आहे," तंत्रज्ञ म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. मी म्हणालो, "अगं, सांगतात तसं कर. परीक्षा थोडीच आहे!"

मग कानांत गार आणि गरम हवा सोडून डोळ्यांची हालचाल नोंदवली; कानातला तोलाचा भाग जितका धड, तितके या हवेने डोळे जास्त हलतात. अहवाल आला : दोन्ही कान नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "भीती आहे मनातली. आधार देऊ नका, सवय लागेल." मी आधार देणं बंद केलं. पाहुण्यांसमोर "आमच्याकडे चक्कर सोयीने येते" असंही बोलून घेतलं.

सात महिन्यांनी, एका संध्याकाळी वीज गेलेली असताना, ती सोसायटीच्या जिन्यावरून पडली. उजवं मनगट मोडलं.

दुसऱ्या केंद्रातल्या बाईंनी आधी चष्म्याचा नंबर विचारला आणि डोळ्यांत लेन्स घालून यायला सांगितलं. ठिपक्यांची चाचणी त्यांनी तीनदा घेतली. या वेळी दोन्ही कान निकामी होत आलेले निघाले. मी जुना अहवाल पुढे केला.

"ठिपका दिसला नाही की डोळे अलीकडेच थांबतात," त्या म्हणाल्या. "यंत्र तेवढ्यालाच पूर्ण अंतर धरतं. मग पुढची प्रत्येक हालचाल फुगवून दाखवतं."

पाऊण किलोचं वजन किलो म्हणून वापरलं, तर पाऊण किलो साखर किलोच भरणार. एवढा हिशेब मला तेव्हाही येत होता.

परतताना रिक्षात मी म्हणालो, "तुझं खरं होतं."

"अहो, आता छापून आलंय ना? मग असेल खरं."

घरी आल्यावर मी जुना अहवाल फाडायला घेतला. तिने डाव्या हाताने तो माझ्याकडून काढून घेतला आणि कपाटात, स्वतःच्या साड्यांखाली ठेवला.