पाणचक्कीच्या दारातली माती

वॉटी रेनी पोटासाठी जोडे शिवायचा, पण जीव त्याचा दुसऱ्यांच्या भानगडींत. स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातल्या त्या गावात जमिनीचा मालक बदलायचा असला की साक्षीला पहिलं बोलावणं त्यालाच. नुसत्या कागदावर भागत नसे. जागेवर जाऊन, दोन साक्षीदारांदेखत, नव्या मालकाच्या हातात तिथलीच माती आणि दगड द्यायचा. तरच जमीन त्याची. मासेमारीचा हक्क असेल तर जाळं आणि होडी. पाणचक्की असेल तर दाणे ओतायचं खोकं आणि ते खटखट हलवणारा दांडा. माती काळी की तांबडी, घेणाऱ्याचा हात थरथरला का, दगड नंतर तो कुठे टाकतो, वॉटी सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचा आणि घरी येऊन बायकोचं डोकं खायचा.

इझोबेल किनिअर विधवा झाली, तेव्हा जमीनदाराने गावची पाणचक्की तिच्या नावे केली. त्या दिवशी पाऊस मी म्हणत होता आणि ताबा द्यायला आलेल्या वकिलाला घरी जायची घाई. चक्कीच्या आत कोण जातंय! त्याने दारातच तिच्या हातावर मातीचं ढेकूळ आणि दगड टेकवला. कागदावर मात्र खोकं आणि दांडाच लिहिला.

“हे चालतं का हो?” वॉटीने विचारलं.

“तू जोडे शीव रे!”

आणि या भल्या माणसाने मुकाट्याने सही ठोकली.

सहा वर्षांनी जमीनदार वारला. त्याच्या पुतण्याने तीच चक्की दुसऱ्याला विकली आणि प्रकरण एडिंबराच्या कोर्टात गेलं. वकील तोवर देवाघरी, दुसरा साक्षीदार अमेरिकेत. खरं बोलावं तर इझोबेलची चक्की जाते, खोटं बोलावं तर शपथ मोडते.

“आठवत नाही म्हणा,” बायको म्हणाली.

“मला? अगं, कुत्रं तरी विश्वास ठेवेल का?”

कोर्टात त्याने इझोबेलकडे एकदा पाहिलं. “माती दिली, मायलॉर्ड. आणि दगड. माती ओली होती.”

चक्की गेली. वॉटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावात त्याला कोणी साक्षीला बोलावेना. “त्याला नको बाबा, त्याला दिसतं!” असे टोमणे चालायचे.

वसंतात इझोबेलच्या भावाने तिला टेकडीजवळचं एक खोपट द्यायचं ठरवलं. ती स्वतःच वॉटीच्या दारात येऊन उभी राहिली.

“उद्या साक्षीला ये.”

“मी? इझोबेल, माझ्या साक्षीमुळेच तर तुझी चक्की...”

“साक्षीमुळे नाही रे. त्या दिवशी एकदा विचारलंस आणि गप्प बसलास. खोकं आत दहा पावलांवर होतं.”

वॉटीची मान खाली गेली.

“म्हणून ये,” ती म्हणाली. “आणि काही चुकलं, तर तिथंच बोल.”