त्याले सांग, ब्रेक दाब

ज्या घरात माणसं बोलतात तिथं किस्से साचत नाहीत. दिवसभरात जे झालं ते संध्याकाळच्या चहाबरोबर सांगून संपतं. आमच्या घरात कोणी कोणाला सांगत नाही, म्हणून ते साचतात; आणि मी पडले नवी, गप्प, दाराला टेकून बघत राहणारी, म्हणून सगळे माझ्याकडेच साचतात. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय आणि गोणी भरत आली! म्हटलं, थोडी रिकामी करावी.

*

मानोऱ्याहून कामरगावला सासरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं. जनावरांच्या कुटाराच्या ढिगाशेजारी निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी बुटकं, लांबट झाकलेलं. वर दोन कोंबड्या बसलेल्या.

"आई, ते काय आहे?"

"गाडी हाये," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "आन् भांडन हाये."

गाडीचं आधी सांगते. बाबा, म्हणजे माझे सासरे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. तरुणपणी सुट्टीच्या दिवशी ते कारंज्याच्या एका जिनिंगवाल्या शेठजींची विलायती स्पोर्ट्स कार दुरुस्त करायचे. दोनच सीटा, कापडी टप, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. शेठजींचं कुटुंब कायमचं नागपूरला गेलं तेव्हा गाडी बाबांनाच देऊन गेलं. "हे तुह्याशिवाय कोनाचंच आयकत नाही," म्हणे. अंगणात आली ती मग उभीच राहिली.

आता भांडण. चार वर्षांपूर्वी संदेश, माझा नवरा, पुण्याला नोकरीसाठी निघाला. जाता जाता अंगण मोकळं करावं म्हणून बाबांना न विचारता त्याने भंगारवाल्याला बोलावलं. बाबा बाहेरून आले तेव्हा गाडीला दोर बांधून झालेला. ते ओरडले नाहीत. गेले आणि गाडीत बसले. भंगारवाला तासभर थांबला आणि दोर सोडून निघून गेला.

त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. संदेश पुण्याहून परत आला, कारंज्यात कॉलेजच्या लॅबमध्ये लागला, आमचं लग्न जमलं. बघायला आले तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसून छान हसत होते. माझ्या वडिलांकडे बघून!

*

मी आल्याने एक सोय झाली. घरात टेलिफोन आला.

पहिल्याच आठवड्यात जेवताना बाबा म्हणाले, "सुजाता, त्याले सांग, लोनचं घे." तो म्हणजे संदेश, हातभर अंतरावर.

मी वळून म्हटलं, "अहो, लोणचं घ्या."

"बाबांना विचार, त्यांनी घेतलं का."

"बाबा, तुम्ही घेतलं का?"

"त्याले सांग, आधी त्यानं घ्यावं."

बरणी माझ्यासमोर होती. निरोप जात-येत राहिले. त्या दिवशी लोणचं मी एकटीने खाल्लं!

*

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी संदेशने ताडपत्री काढली. का, ते मला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाला, "असंच." असंच म्हणून कोणी गंजलेल्या गाडीखाली पाठ टेकून झोपत नाही.

अकोल्याहून नवीन पान्यांचा सेट आणला. चकचकीत, डब्यात ओळीने लावलेला. पण एकही पाना नीट बसेना. एक सैल होई, दुसरा आतच जाईना. तीन रविवारांत नऊ नटांची डोकी गोल झाली. बाबा ओसरीवर बाजेवर बसून पेपर वाचत होते. तीन रविवार त्यांनी पान उलटलं नाही.

चौथ्या रविवारी सकाळी खिडकीत एक तेलकट फडकं ठेवलेलं. आत सहा जुने पाने. संदेशने त्यातला एक लावला. नट भाकरीवरून पापुद्रा सुटावा तसा सुटला.

बाबा आतून मला म्हणाले, "गाडी इंचाची हाये. तो मिलिमीटरनं भांडून राह्यला."

हा निरोप त्यांनी पोचवायला सांगितला नव्हता. मीही पोचवला नाही. पण खिडकी उघडीच होती.

*

मग काम चांगलं चाललं असताना एक कोंबडी खुडूक झाली आणि डाव्या सीटवर जाऊन बसली.

संदेश तिला उचलायला गेला, तर आई उलथनं घेऊन बाहेर! "अंड्यावरून उठवशील तं पाह्य! तुही गाडी इतके वर्स थांबली, तिले एकवीस दिवस नाही थांबता येत?"

थांबली. एकवीस दिवस गाडीला कोणी हात लावला नाही. सकाळी बाबा जाऊन कोंबडीकडे बघून यायचे. संध्याकाळी संदेश. एकदा दोघं एकाच वेळी पोचले. दोघांनी गाडीच्या दोन बाजूंनी वाकून पाहिलं, आणि दोघं दोन दिशांना निघून गेले. कोंबडीने मात्र दोघांनाही चोच दाखवली.

शेवटी अकरा पिल्लं निघाली. शेजारचे गजाननकाका बाजारात मेथी-पालक घेऊन जाता जाता कुंपणाशी थांबले. त्यांनी बोटाने मोजलं.

"काहून बाप्पा, दोन सीटची गाडी म्हनत होते ना? हे तं बारा जन बसून हायेत!"

*

फेब्रुवारीत इंजिन पहिल्यांदा लागलं. धूर, खोकला, कोंबड्यांची पळापळ. बाबा घरातच होते. डोळे मिटून त्यांनी ऐकलं.

"त्याले सांग, दुसरा सिलिंडर झोपेल हाये."

मी पळत गेले. संदेशने प्लग काढला. खरंच, काळा ठिक्कर. साफ करून बसवला आणि इंजिनचा आवाज एकदम सरळ झाला. मी परत आत आले. बाबांचे डोळे अजून मिटलेलेच होते, आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर हळूच एक्सलेटर देत होता.

ते काही बोलले नाहीत. मला राहवलं नाही. बाहेर जाऊन मी संदेशला सांगितलं, "बाबा म्हणाले, शाबास."

संदेशने हात पुसले. बराच वेळ पुसले.

"बाबा असं म्हणत नाहीत," तो म्हणाला. मग खाली वाकून, बघतोय दुसरीकडेच, "पण अजून एकदा सांग."

*

वस्तीत बातमी पसरली. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे हीच गाडी पाहिजे, टप उघडून, सीटवर तसबीर ठेवून, असं ठरलं. आईंनी सीटांना नवी निळी कव्हरं शिवली. बाबांनी एकच अट घातली, अर्थात माझ्यामार्फत: "त्याले सांग, ब्रेकशिवाय गाडी फाटकाबाहेर निघनार नाही."

आता ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची म्हणजे एकट्याचं काम नाही. एकजण वर बसून पायाने ब्रेक दाबतो. दुसरा खाली चाकाशी झोपून बारीकसा स्क्रू उघडतो. तेल येतं, त्यातून हवेचे बुडबुडे येतात. स्क्रू बंद होईपर्यंत वरच्याने पाय सोडायचा नाही. सोडला, की हवा परत आत. खालच्याने सांगायचं, वरच्याने ऐकायचं: दाब, धर, सोड. एवढंच.

आधी मी वर बसले. माझा पाय शेवटपर्यंत पुरेना. मग संदेश वर बसला. खाली कोण? स्क्रू जुने, गंजलेले. हात ओळखीचा नसेल तर तुटणारच. बाबा बाजेवरून उठले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि पोतं अंथरून चाकाशी आडवे झाले. स्क्रूला सलाईनची नळी लावली, नळीचं टोक बाटलीत सोडलं. मी मधे उभी.

"त्याले सांग, दाब."

"दाबा."

"त्याले सांग, धर."

"धरा."

"त्याले सांग, सोड."

"सोडा."

दोनदा जमलं. तिसऱ्यांदा मी दोन शब्दांनी मागे राहिले. बाबांनी "धर" म्हणून स्क्रू उघडला, आणि मी अजून मागचंच "सोडा" म्हणत होते. संदेशने पाय सोडला. बाटलीतले बुडबुडे नळीतून गुपचूप वर चढून गेले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकलं. पुन्हा. तेलाचा डबा अर्धा झाला. बाबांच्या कपाळावर तेल, संदेशची मान आखडलेली, आणि दोघंही माझ्याकडे बघतायत. रागाने नाही. माझी दया येत असल्यासारखे.

मी म्हटलं, "कुकर लावलाय," आणि घरात निघून आले.

कुकर लावलेला नव्हता.

स्वयंपाकघरात आई मेथी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसून एक जुडी घेतली. अंगणात काहीच आवाज नाही. कोंबडी माती उकरतेय, तेवढं ऐकू येत होतं. माझ्या हातातली काडी तशीच राहिली.

मग बाबांचा आवाज आला. खाकरल्यासारखा.

"दाब."

ब्रेकचं पेडल करकरलं.

"दाबला."

"धर."

"धरलाय, बाबा."

"...सोड."

आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. मेथी निवडत राहिलो. दाब, धर, सोड. पोतं ओढल्याचा आवाज आला, म्हणजे दुसरं चाक. दाब. धर. सोड. पुन्हा पोतं. तिसरं. पुन्हा पोतं. चौथं. मेथी संपली. आईंनी निवडलेलीच मेथी परत पुढे ओढली.

पोतं पुन्हा सरकलं.

"दाब."

"दाबला, बाबा."

आई थांबल्या. "सुजाता," त्या हळूच म्हणाल्या, "किती चाकं हायेत वं त्या गाडीले?"

"चार."

अंगणात पाचवं चालू होतं.