दोनच हिवाळे वापरलेले टायर

बायकोलाही ठाऊक नाही हे. सांगायला तोंड उघडलं — दोनदा, तीनदा — आणि दर वेळी चहाच मागितला.

कॅनडात, सस्काटूनला येऊन मला बारा वर्षं झाली. पोटॅशच्या खाणीत मशिनरीच्या देखभालीचं काम करतो. त्यामुळे आपल्या मंडळींत गाडीचं काही निघालं की मलाच विचारायचं, असं ठरून गेलंय. ऑल-सीझन चालतील, की विंटर टायरच हवेत? मी सगळं समजावून सांगायचो. विंटर टायरचं रबर मऊ, कडाक्याच्या थंडीतही ते रस्ता धरून ठेवतं. पण तेच रबर उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर भराभर झिजतं. बर्फ गेला की बदलायचेच — किती जणांना बजावलं असेल मी!

आणि मी स्वतः? एक अख्खा उन्हाळा बदललेच नाहीत. आळस, दुसरं काय. त्याच टायरांवर मुलांना घेऊन थेट रॉकी पर्वतापर्यंत जाऊन आलो.

त्याच वर्षी थंडीच्या तोंडावर मी नवी गाडी घेतली. तिला ते टायर बसेनात. सुनंदाताईंच्या गाडीला मात्र नेमके त्याच मापाचे लागायचे. ताई नर्सिंग होममध्ये काम करतात; आम्ही दोघंही नागपूरकडचे, ओळख इथल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमातली.

"भाऊ, चांगले आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"दोनच हिवाळे वापरलेत, ताई."

खोटं होतं का हे? एक शब्दही खोटा नव्हता — तेच तर. उन्हाळ्याचं मी बोललोच नाही. खाचा किती उरल्यात ते गराजमध्ये अंगठ्याने चाचपून पाहिलं होतं मी. मला माहीत होतं. पण फुकट देतोय ना — त्या मोठेपणाखाली सगळं झाकलं गेलं.

जानेवारीतल्या एका दुपारी ताईंनी स्टॉप साइनला ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. घसरत गेली ती थेट ट्रकवर. शेजारी त्यांचे यजमान, प्रभाकरराव. त्यांचा मणका मोडला. ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

हॉस्पिटलात ताई माझा हात धरून विचारत होत्या, "भाऊ, माझं काय चुकलं हो?"

तेव्हा बोलायचं होतं. बोललोही — काय बोललो? "ताई, बर्फावर ब्रेक असा जोरात दाबायचा नसतो."

त्यांनी मान हलवली. लगेच पटलं त्यांना. गाडी भंगारात गेली, टायरांसकट. कुणी पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही.

त्यानंतर ताईंनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. उणे तीसमध्ये बसची वाट बघत उभ्या असतात. शनिवारी मी त्यांना ग्रोसरीला नेतो. त्या दर वेळी आभार मानतात — आणि मी ते घेतो.

गेल्या महिन्यात सामान घेऊन त्यांच्या किचनमध्ये उभा होतो. त्यांची मुलगी सोळाची झालीय. लायसन्स काढायचं म्हणत होती. ताई म्हणाल्या, "नको गं. माझ्या या पायानं तुझ्या बाबांचं असं झालं. आपल्या घरात आता गाडी नको."

"इट वॉज अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट, आई! काका, यू टेल हर."

दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मी दुधाचा कॅन फ्रिजमध्ये ठेवला, बूट चढवले. आतल्या खोलीतून प्रभाकरराव "जयभीम" म्हणाले. मीही म्हणालो, आणि निघालो.