पडद्याआडचं हाड

आईचे वरचे पुढचे दोन दात पडले आणि तिचं हसणं पदराआड गेलं. कळवणला लग्न असो की बारसं, ही बाई पंगतीत बसेना. स्वयंपाकघरात एकटीच भाकरी कुस्करून खायची. कवळी एकदा चारचौघांत निसटली, तेव्हापासून कवळीचं नाव काढायची सोय नव्हती. शेवटी मीच हट्टानं तिला शहरात, गंगापूर रोडवर माझ्याकडे आणलं, पक्के दात बसवायला.

पण दात रोवायला वरच्या जबड्यात हाडच उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिथे हाडाची भुकटी भरली, वर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा टाकला आणि हिरडी शिवली. "आजी, हिरडी भराभर वाढते, हाड सावकाश. पडदा नसला तर हिरडीच आत घुसून हाडाची जागा बळकावते."

"म्हंजी रोपाला कुंपण," आई म्हणाली.

"तेच. नुसत्या चुळा भरायच्या. बोट लावायचं नाही, आणि मिसरी तर अजिबात नाही."

मिसरी! जळक्या तंबाखूची ती काळी पूड आई न्हातीधुती झाल्यापासून दातांना घासत आलेली. मी तिची डबी कचऱ्यात टाकली, पिशव्या झाडल्या, उशीसुद्धा उलटीपालटी केली. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. ती मोरीत गेली की मी दाराशी उभी.

"अगं, मी काय चोर हाय का?"

"मिसरीच्या बाबतीत आहेस!"

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिचा ओठ वर केला आणि दिवा जवळ ओढला. टाके उसवले होते. पडद्याच्या कडेखाली काळे कण दिसत होते.

माझं डोकंच फिरलं. "घाल, सगळं मातीत घाल! कधीपासून चाललंय हे?"

"आजच लावली गं, देवाशप्पथ." आई म्हणाली. "वॉचमनच्या बायकोकडनं चिमूटभर घेतली, तिथंच लावली. नुसत्या चुळांनी तोंड साफ होतं का? एवढी शिकलेली बाई माझ्या तोंडात हात घालणार. तिच्यापुढं घाण तोंडानं कसं बसायचं?"

पडदा काढावा लागला, भुकटीही गेली. जखम भरली की सगळं पहिल्यापासून करायचं. पण तिचं ते बोलणं ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला होता. नुसतं भडभडून आलं.

 रिक्षात ती पदराआडूनच म्हणाली, "पुढच्या टायमाला तशीच घाणेरडी येईन. पण तू त्यांना आधीच सांगून ठेव. म्हणावं, आमची आई रोज तोंड धुते."