जोडीचा कागद

"आकडा बोलतोय, मी नाय," असं म्हणून ते पेनचं टोपण दातांत धरायचे. मग समोरच्याने कितीही आदळआपट केली तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

बोईसरच्या आमच्या कारखान्यात ते लॅबमध्ये होते. मूळचे मासवणचे. दर दोन तासांनी रीडिंग घ्यायचं आणि लॉगशीटवर चढवायचं, ही सवय त्यांनी फुटबॉलच्या मैदानावरही आणली. रविवारी रिकामा निळा ड्रम पालथा घालून रेषेजवळ बसत. तुमच्याही मैदानावर असा एखादा असेलच, खेळ सोडून कागदात डोकं खुपसणारा. आमच्याकडे स्ट्रायकर तीन आणि जागा दोन: सातपाटीचा हेमंत, पॅकिंगमधला राजेश आणि मी. प्रत्येक जोडीचा त्यांच्याकडे वेगळा कागद. दोघं किती मिनिटं एकत्र खेळले, एकाचा पास दुसऱ्याला किती वेळा पोचला, त्यातून गोल किती झाले.

कारखान्यांच्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो. माझे गुडघे कुरकुरत होते. पुढच्या वर्षी मला कोणी घेणार नव्हतं. आदल्या दिवशी कँटीनमध्ये त्यांनी कागद कॅप्टनपुढे सरकवले. हेमंत पक्का होता. त्याच्यासोबत राजेश की मी, एवढाच प्रश्न. हेमंतची नि माझी जोडी सगळ्यांत खाली निघाली. माझ्या ताटातला भात तसाच राहिला. इतकी वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस, आणि असा गळा कापतो? मी त्यांना नको नको ते बोललो. त्यांनी टोपण दातांत धरलं.

फायनलच्या पहिल्या हाफमध्येच आमच्यावर एक गोल चढला. मी त्यांच्या ड्रमशेजारी गवतावर बसलेलो. राजेश बरा पळतोय, असं काहीतरी ते पुटपुटले आणि माझं डोकंच फिरलं.

"पळणारच. माझी नि हेमंतची नाईट असते तेव्हा राजेशची रविवारी सकाळची ड्युटी असते, आणि तेव्हाच आम्ही दोघं जोडीने खेळतो. नाईट संपवून सरळ गेटवरून इथे. बिनझोपेचे."

त्यांचं टोपण मांडीवर पडलं. लॅबमध्ये पाळी न लिहिलेलं शीट ते तोंडावर परत फेकायचे, आणि इथे स्वतःच्याच कागदांवर पाळी लिहायची राहिली होती.

हाफटाइमला ते कॅप्टनकडे गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "माझे कागद चुकलेत. पाळीच नाय त्यात."

मग हेमंतची नि याची जोडी चांगली का, असं कॅप्टनने विचारलं.

"ते म्हायती नाय. आज दोघं झोपून आलेत. तपासून बघा."

राजेशच्या जागी मी उतरलो. शेवटची काही मिनिटं उरली असताना हेमंतने डावीकडून बॉल दिला आणि मी तो आत ढकलला. बरोबरी झाली. पुढे पेनल्टीत आम्ही हरलो, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

यंदा ते गेले. मासवणला घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी त्यांचा पॅड माझ्या हातात दिला. सगळ्यांत वर फायनलचा कागद होता. हेमंतचं नि माझं नाव, त्यापुढे लाल शाईत एक नवा रकाना: "पाळी: सुट्टी. झोप: पूर्ण." खाली पास, मिनिटं, गोल, सगळं कोरं. मला तिथेच रडू फुटलं.

गोल मारल्यावर मी रेषेकडे पाहिलं होतं. ते ड्रमवर उभे होते, दोन्ही हात वर, आणि हातात पेन नव्हतं.