मुलतानी मातीने केलेला पुरावानाश

गेल्या हिवाळ्यात एरंडोलजवळच्या एका मळ्यात भरिताच्या पार्टीला गेलो असता, देवपुरातल्या माझ्या शेजाऱ्याने भरितावर तेलाची फोडणी ओतताना माझ्या रेशमी सदऱ्यावरही उदार हस्ते ओतली आणि वर हसला. मी दुसऱ्याच दिवशी त्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली: डागाची समक्ष पाहणी करावी व लेखी माफी द्यावी. सदरा पुरावा म्हणून न धुता खुंटीवर टांगून ठेवला.

पाहणीच्या दिवशी सदरा स्वच्छ निघाला. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सुनेने डागावर मुलतानी माती पसरून तो परस्पर काढून टाकला होता.

"पुरावा नष्ट करणे हा गुन्हा आहे," मी बजावले.

"नष्ट कुठे झालाय, नाना? मातीत आहे." तिने तेलकट मातीची पुडी माझ्या हातात दिली. "हिचा एकेक कण म्हणजे पापडांची चळत समजा, अतिसूक्ष्म पदर एकावर एक. तेल त्या पदरांवर आणि फटींत जाऊन बसतं. हीच हजर करा."

तेवढ्यात शेजारी आला. "नाना, डाग कोठे शे?"

मी गंभीरपणे पुडी उघडली. त्याने ती हुंगली आणि कबुली दिली.

"फोडणी मनीच शे. आते माफी तुमले देऊ का मातीले?"

सून तोंड फिरवून हसत होती. माफी मी माझ्याच नावे लिहून घेतली आणि पुढच्या भरिताचे आमंत्रण, माझे सर्व कायदेशीर हक्क राखून, स्वीकारले.