सतराव्या पानावरचं वर्तुळ

आमच्या वस्तीतली ग्रंथालयाची शाखा जुन्या टपाल कचेरीच्या दोन खोल्यांत होती. पूर्वी जिथे तिकिटं मिळत, त्याच गजांच्या खिडकीतून पुढे छत्तीस वर्षं पुस्तकं मिळाली. खिडकीपलीकडे इतकी वर्षं एकच ग्रंथपाल. हातात कायम तारखेचा शिक्का, म्हणून मुलांनी त्यांना शिक्केकाका केलं आणि मग आम्ही मोठ्यांनीही.

सकाळी आठला वर्तमानपत्रांचं टेबल पुसणं, शनिवारी मुलांना गोष्ट वाचून दाखवणं, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी सायकलवरून पुस्तकं पोचवणं, सगळं त्यांच्याकडेच. शनिवारी दुपारी आणखी एक काम असे. आठवड्यात परत आलेली पुस्तकं उघडून त्यांतल्या पेन्सिलीच्या खुणा ते खोडरबराने खोडत.

त्या खुणा आम्हा वाचकांच्या. पुस्तक आधी वाचलंय की नाही हे पटकन कळावं म्हणून प्रत्येकाने आपलं एक पान धरलेलं असे. माझी एकविसाव्या पानावर बारीक फुली. शाळेत शिक्षिका म्हणून पुस्तकांवर रेघोट्या मारणाऱ्या मुलांचे जन्मभर कान पिळले, आणि इथे मीच चोरून फुल्या मारत होते. "बाई, तुमची फुली फार दाबून असते," एवढंच काका एकदा म्हणाले.

वहिनींची, म्हणजे काकांच्या पत्नीची, खूण सतराव्या पानावर. मसुरीएवढं वर्तुळ. तेही खोडलं जाई.

"हे तिसऱ्यांदा घरी आणलंय मी," वहिनी एकदा माझ्यादेखत म्हणाल्या. "पन्नास पानं झाल्यावर कळलं."

"चांगलं आहे ना पण?" काका.

"चांगलं आहे हो. तरी घरच्या माणसाला थोडी सूट?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना दुसरे उद्योग आहेत. माझं सतरावं पान उघडून बघणारे तुम्ही एकटेच."

तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. काका खिडकीत होते तसेच बसले. शाखा सहाला बंद व्हायची. कुलूप मात्र हळूहळू सातला लागायला लागलं. घरी जाऊन काय करू, असं ते कधी म्हणाले नाहीत.

यंदा पत्र आलं. शाखा बंद, पुस्तकं मुख्य ग्रंथालयात, शुक्रवारी ट्रक येणार. मी गठ्ठे बांधायला मदतीला गेले. काका प्रत्येक पुस्तक उघडून बघत, मिटत आणि माझ्याकडे देत. दोन दिवस मला वाटलं, साफसफाई चालली आहे. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, खोडरबर खिशातच आहे.

"काय शोधताय काका?"

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. "हिचं एखादं वर्तुळ राहिलंय का बघतोय. चार हजार पुस्तकं आहेत. एक तरी नजरेतून सुटलं असेल."

मग मीही सतरावं पान उघडायला लागले. गुरुवारी दुपारी शेवटचं कपाट रिकामं झालं. काका वर्तमानपत्रांच्या मोकळ्या टेबलाशी बसले.

"माझं काम फार चोख होतं, बाई," ते म्हणाले. स्वतःच्या चोखपणाबद्दल इतकं पडलेल्या आवाजात बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता.

चारच्या सुमारास एक बाई दारात आली. हातात पुस्तक, पदराने पुसलेलं. "सासऱ्यांच्या कपाटात सापडलं. नऊ वर्षं झाली असतील. चिडू नका हं."

"चिडायला आता शाखा कुठे उरलीय?" म्हणत काकांनी ते सवयीने उघडलं आणि हात थांबला. सतराव्या पानाच्या कोपऱ्यात वर्तुळ होतं.

ती गेल्यावर त्यांनी जुनी वही काढली. वहिनींनी ते पुस्तक बुधवारी परत केलं होतं, त्या बाईच्या सासऱ्यांनी लगेच गुरुवारी नेलं होतं. मध्ये शनिवार आलाच नव्हता.

"ठेवून घ्या काका. कोण विचारतंय?"

"ग्रंथालयाचं आहे ते," काका म्हणाले. त्यांनी स्वतःच्या नावावर पुस्तक चढवलं आणि पंधरा दिवसांनंतरच्या तारखेचा शिक्का मारला. शाखेतला तो शेवटचा.

आता दर पंधरा दिवसांनी दोन बस बदलून ते मुख्य ग्रंथालयात जातात आणि मुदत वाढवून घेतात. एकदा मी सोबत गेले होते. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, हे फोनवरूनही होतं."

"असू दे. मी येतो."

परतताना बसमध्ये पुस्तक मांडीवर होतं. "दुसऱ्या कुणी मागितलं तर द्यावं लागेल," ते म्हणाले.

"मग?"

"मग द्यायचं. पंधरा दिवस वाट बघायची."

तिथे परत आलेल्या पुस्तकांतल्या खुणा खोडतात का, हे मात्र त्यांनी अजून त्या मुलीला विचारलेलं नाही.